जवळच्या तोफा

मोहोपाड्याला कंपनीच्या गेटसमोर मी कामगार संघटनेची पत्रकं वाटायचो. कामावरून काढलेला एक कंत्राटी कामगार तिथेच बसून मोबाइलवर गलबतांच्या लढाईचा गेम खेळायचा. दर वेळी तो जवळून मारा करणाऱ्या जड तोफा निवडायचा, आणि शत्रू त्याला लांबूनच बुडवायचा.

"काका, लांब पल्ल्याच्या तोफा घ्या की!"

"त्यांनी नुसता ओरखडा उठतो रं, तुज्या पत्रकांवानी."

"पण शत्रू जवळ आलाच नाही तर?"

"मंग मी रोज हितं कशाला बसतो? सायबाला तोंडावर इचारायचं हाय, मला का काढला."

तेवढ्यात काळ्या काचांची गाडी आली. तो धडपडत उठला, हात वर केला. गाडी सरळ आत गेली. त्याची भाकरी हिसकावणाऱ्याचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला कुणी पाहू देणारही नव्हतं.