तिरकी चालणारी सर्व्हिस मोटार

हुसेनसाबांनी उमेदीची सगळी वर्षे टांगे बांधण्यात घालवली. सोलापुरात उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावू लागल्या, टांग्याची गिऱ्हाइके ओसरली, तेव्हा हा पन्नाशीला टेकलेला माणूस मोटारीखाली शिरला. शिवलिंगप्पांच्या अक्कलकोटला जाणाऱ्या मोटारीचे काम त्यांना मिळाले आणि लोक त्यांना मिस्त्री म्हणू लागले. ती हाक टिकेल की नाही, याची धास्ती त्यांना रोजच असे. मोटार नीट चालली तरी ते तिच्याभोवती घिरट्या घालत.

एके दिवशी मोटार तिरकी चालू लागली. तोंड रस्त्यावर, शेपूट शेताकडे. मागचे डावे चाक पुढे सरकून मडगार्डाला घासत होते. हुसेनसाबांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी धरली. डावीकडे ती दोन बोटे जास्त उरली, म्हणजे त्या बाजूचे अंतर कमी होते. मागचा आस वाकडा बसला होता. मालकांनी कारण विचारताच हुसेनसाब बोलून गेले की ड्रायव्हरने दगडावर घातली असणार. एकनाथ ड्रायव्हर नाही नाही म्हणत राहिला. मालकांनी त्याला घरी बसवले.

हुसेनसाबांनी बोल्ट सैल करून, पहारीने रेटून आस सरळ केला आणि पुन्हा आवळला. दुसऱ्या दिवशी मालकांचा मेहुणा शिवपुत्र मोटार घेऊन निघाला. तो इतका हळू चालवी की उतारू कुरकुरत. तरी वळसंग यायच्या आत चाक पुन्हा घासू लागले.

कुठे आपटली का, असे हुसेनसाबांनी शिवपुत्राला पुन्हा पुन्हा विचारले. कुठेच नाही. मग एकनाथ तरी खोटे का बोलला असेल? त्यांना घरी जेवण जाईना. अंगणात येरझारा चालू झाल्या. बायको शमशाद म्हणाली, "फिरून फिरून जमीन झिजवाल. एकदाचं उघडून बघा की."

सकाळी त्यांनी मागची डावी कमान, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, पूर्ण सोडवली. कमान आणि आस यांच्यामध्ये बाभळीची फळी होती. ती त्यांनीच घातली होती. तेव्हा मोटार डावीकडे कलत होती, आणि टांगा कलला की ते अशीच फळी घालत. कमानीच्या मधल्या बोल्टचे डोके आसावरच्या भोकात बसते, म्हणून आस हलत नाही. इथे ते डोके लाकडावर टेकले होते. फळीत त्याचा गोल खळगा पडला होता. टांग्याचे चाक घोड्यामागे ओढले जाते. मोटारीचे मागचे चाक स्वतः गाडी ढकलते, आणि ढकलता ढकलता मोकळा आस पुढे सरकत होता.

फळी बंबात घातली असती तर कोणाला काही कळले नसते. त्यांनी तिच्या जागी भोक पाडलेली लोखंडी पट्टी आणि लांब बोल्ट घालून आस पक्का केला, पुन्हा दोरी धरली आणि फळी घेऊन मालकांकडे गेले.

शिवलिंगप्पांनी फळी उलटीपालटी करून पाहिली. "फळी तुमची, आणि दगड त्याच्या माथी?"

"व्हय मालक."

"मग त्याला तुमीच घेऊन या. तुमचं काय ते गाडी परत आल्यावर बघू."

हुसेनसाब गेले तेव्हा एकनाथ आपल्या घराच्या दारातच उभा होता. त्याने सगळे ऐकून घेतले, पण पायताण घालीना. शेवटी म्हणाला, "येतो. पण तुमी मागं बसायचं, त्याच चाकावर. अक्कलकोटपर्यंत."

मोटार उतारूंनी भरून निघाली. वळसंगचा चढ आला तसे हुसेनसाब बाहेर वाकून चाक बघू लागले. घासल्याचा आवाज नव्हता. तरी ते आणखी वाकले. शेजारच्या बाईने त्यांचा सदरा धरून ठेवला.

एकनाथ मान न वळवता म्हणाला, "आत या हो. पडलात तर तेबी माझ्याच नावावर जाईल."