सोमवारी लिहिलेली वही

माझ्या मोठ्या मावशीचं अक्षर बघून छापखान्याने मान खाली घालावी. या अक्षरात ती वृद्धाश्रमात एकोणीस वर्षं वही लिहितेय. तिचं काम म्हणजे अंघोळी घालणं, गोळ्या देणं, चादरी बदलणं, भांडणं सोडवणं, आणि वेळ उरला तर वही. चाळीस म्हाताऱ्यांची प्रकृती रोज लिहायची. वेळ कधीच उरत नाही, म्हणून सोमवारी सकाळी चहा पिता पिताच ती रविवारपर्यंतचं लिहून मोकळी होते. ठीक, ठीक, ठीक.

"चाळीस पाठी चोळू की चाळीस ओळी लिहू?" असं तिचं म्हणणं.

सोमवारी दुपारी या पानाची प्रत सरकारी आरोग्य केंद्रात जाते. ज्यांच्यापुढे 'ठीक' नसेल त्यांनाच बघायला गुरुवारी सिस्टर येतात. पुढच्या तारखा आधीच भरलेल्या असतात, हे एकोणीस वर्षांत तिथे कुणाला दिसलं नव्हतं.

मग एका मंगळवारी सात नंबरच्या मास्तरांची टाच काळी पडली. मास्तरांना मधुमेह, पाय कधीचा बधिर. मावशीने टाच दाबली तर म्हणाले, "दाब की! कुणाचा पाय आहे?"

मावशीने केंद्रात फोन लावला. तिथली बाई नाकात बोलते, आणि प्रत्येक शब्द पिळून वाळत घालते.

"सा-त नंबर? यादीत ठी-क आहे ना, ताई."

"ते सोमवारी लिहिलंय हो. टाच आज काळी पडलीय."

"आजचंही ठीक आहे. उद्याचंही ठीक आहे. परवाचं वाचू का?"

मावशीने वही मिटली.

"दुरुस्तीचं पत्र द्या. व्यवस्थापकांची सही, शिक्का. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा त्याशिवाय नाही मिळायची."

व्यवस्थापक घसा खाकरल्याशिवाय 'नाही' म्हणत नाहीत. "अहं... बाई, पत्र दिलं म्हणजे आपण आगाऊ लिहितो हे कबूल केलं. वह्यांची सरकारी तपासणी तोंडावर आलीय. गुरुवारी सिस्टर येतीलच, हळूच दाखवा."

गुरुवारी सिस्टर आल्या. मावशीने हाताला धरून त्यांना सात नंबरच्या दारात नेलं. त्यांनी तिथूनच टाच बघितली आणि चटकन यादीत डोकं घातलं.

"नाव नाही यांचं. यादीबाहेर हात लावला तर उद्या माझ्या गळ्याशी येईल. पुढच्या सोमवारी नीट लिहा, ताई."

शनिवारी मास्तरांना ताप चढला. मावशीने कुणाला न विचारता त्यांना रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्याच्या दारात बिनचिठ्ठीची भांडली. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. मंगळवारी आणलं असतं तर टाचेवरच भागलं असतं, असंही सांगितलं.

तपासणीचा शेरा आला: 'नोंदी सुबक व पूर्ण.' व्यवस्थापकांनी तो काचेखाली लावला.

आता जखमेच्या पट्ट्या बदलायला सिस्टर रोज येतात. फोनवरची बाई आपण होऊन विचारते, "सात नंबर क-से आहेत?" हा आवाज मी घरी हुबेहूब काढते. पूर्वी मावशी हसून हसून लोळायची. आता ताट घेऊन आत जाते.

परवाच्या सोमवारी ती वही घेऊन मास्तरांच्या खाटेशी बसली. हात सवयीने चालला, मास्तरांपुढे सोमवार ते रविवार 'ठीक' लिहून झालं, आणि मगच तिच्या ते लक्षात आलं.

मास्तरांनी मान लांब करून वाचलं.

"राहू दे गं. एका टाचेची तक्रार तर कायमची मिटली."

मावशीने रेघा मारायची पट्टी घेतली आणि सातही 'ठीक' एकेक करून खोडले. मास्तर म्हणाले, "अक्षर बिघडलं बघ पानाचं."