शेतीचा तास

माझे वडील भोकरदन तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत शेती हा विषय शिकवायचे. हे सांगितलं की लोकांना हसू येतं. शेतकऱ्याच्या पोरांना शेती काय शिकवायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. पण अण्णांचा तास म्हणजे नुसती फळ्यावरची बडबड नसे. शाळेमागे थोडी जमीन होती, तिथे प्रत्येक पोराला आपापला वाफा मिळायचा. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे दाणे गुंडाळून उगवण कशी तपासायची, कपाशीच्या फुलाचं परागीकरण हातानं कसं करायचं, हे सगळं तिथे चालायचं. वाफ्याला परीक्षेत मार्क असत. परीक्षा संपली की पोरं आपापली मेथी-वांगी घरी न्यायची. अण्णा एरवीही चिखलानं माखलेल्या चपला हातात धरून घरी यायचे. आई त्यावरून रोज तोंडसुख घ्यायची.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी त्यांचा फोन आला. शेती बंद करून त्या जागी कॉम्प्युटरचा विषय आणायचं चाललं होतं आणि त्यासाठी पालकसभा बोलावली होती.

"तू ये," ते म्हणाले. "शेती शिकून नोकरी लागत न्हाई, असं म्हणून राह्यले लोक. तुला बघितलं की कळंल त्यांना."

मी जालन्याला एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला माणूस आपला विषय वाचवायला पोरीला साक्षीला बोलावतोय, म्हटल्यावर मी मुकाट्यानं रजा टाकली. फाट्यावर मला घ्यायला आले तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. "मुलगी दाखवायला निघालात का काय," असं मी चिडवलं, तर लाजून हसले.

वऱ्हांड्यात सतरंज्या टाकल्या होत्या. आलेले निम्मे पालक अण्णांचेच जुने विद्यार्थी. येईल तो वाकून पाया पडत होता. मला वाटलं, झालं काम. हेडमास्तर बदलत्या काळावर बरंच बोलले. मग अण्णा उठले.

"ही माझी पोरगी. बियाण्याच्या कंपनीत हाय. आपल्या जिल्ह्याचं बियाणं कुठं कुठं जातं, तिला इचारा. शेती शिकलेलं पोरगं बिलकुल उपाशी मरत न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेल्या एका बाईनं अगदी कौतुकानं विचारलं, "ताई, तुमी तिथं काय काम करता?"

"स्टॉक बघते. कोणता माल कुठे गेला, किती उरला, ते."

"म्हंजे कॉम्प्युटरवरच ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खसखस पिकली. बियाणं मी पाकिटाबाहेर क्वचितच बघते, हे अण्णांना माहीत होतं. पण कंपनी बियाण्याची, एवढ्यावरच त्यांनी सगळी भिस्त ठेवली होती.

तेवढ्यात मागून एक जण उठला. अण्णांचाच विद्यार्थी, आता त्याचं पोरगं आठवीत जाणार होतं. हात जोडून म्हणाला, "सर, राग मानू नका. ताईनं शाळेत शेतीच घेतल्ती का?"

आठवीत शेती किंवा संस्कृत, यातलं एक घ्यावं लागे. मला शेती हवी होती. हापशाजवळचा वाफा मी मनातल्या मनात धरूनही ठेवला होता. अण्णांनी ऐकलं नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तरी ऐकलं नाही. त्या सभेत मी बेधडक खोटं बोलले असते. तोंड उघडलंही होतं. पण अण्णा आधी बोलले.

"न्हाई. म्याच संस्कृत घ्यायला लावलं. मार्क पडतात म्हणून."

या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हेडमास्तरांनी घाईघाईनं मत विचारलं आणि कॉम्प्युटरसाठी हात वर झाले. तो प्रश्न विचारणारा खाली बघत हात वर करून बसला होता. त्या घटकेला मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

परतीच्या बससाठी आम्ही फाट्यावर उभे होतो. मला राहवेना. "लोकांना कशाची म्हणून किंमत नाही राहिली," मी म्हणाले.

"लोकांला कशाला बोलतीस?" अण्णा म्हणाले. "त्यांनी आज हात वर केला. म्या तर तू आठवीत व्हतीस तवाच केल्ता."

असं नाही हो अण्णा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. बस येईपर्यंत शब्द जुळवत राहिले, पण जमलं नाही. संस्कृतच्या त्या मार्कांवर मला चांगलं कॉलेज मिळालं, पुढे नोकरी मिळाली. अण्णांनी तेव्हा माझं ऐकलं नाही याचं मला आता मनापासून बरं वाटतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळत होतं.