हुलकावणीचा अर्थ सांगणाऱ्या सुलभाबाई

सुलभाबाईंची आणि माझी ओळख एका इंग्रजी शब्दापाशी झाली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. देवरूखच्या शाळेत मी नव्यानेच रुजू झाले होते आणि नववीच्या वर्गात मागे बसून बाईंचा तास पाहत होते. फळ्यावर शब्द होता 'इल्यूड'. मुलांनी अर्थ सांगितला, टाळणे.

"टाळणारा लांबून जातो," बाई म्हणाल्या. "हा जवळ येतो, आता सापडलाच असं वाटायला लावतो आणि हुलकावणी देऊन निसटतो. मूळ लॅटिन शब्दात खेळ आहे. तलवारबाज समोरच्याचा वार चुकवतो, तसला खेळ. 'इल्यूजन' म्हणजे भास, तोही याच घरातला."

मागच्या बाकावरची रंजना उठली. "बाई, आमच्या सड्यावर चकवा तसाच करतो. बाबा गाय शोधीत गेले. घंटा वाजत व्हती, गाय गावली नाय."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बाबा परत आले ना?"

"आले. पण बोलत नायत."

पुढे रंजना शाळेत येईनाशी झाली. मूल आलं नाही की बाई स्वतः त्याच्या घरी जात. श्रावणातल्या एका दुपारी त्या मला घेऊन रंजनाच्या वाडीकडे निघाल्या. सड्यावर, त्या जांभ्याच्या उघड्या माळावर पोहोचलो आणि धुकं उतरलं. पायवाट दिसेना. तेवढ्यात पुढे घंटा वाजली. गुरं आहेत म्हणजे गुराखीही असेल, म्हणून आम्ही आवाजामागे चालू लागलो. आम्ही थांबलो की घंटा थांबे, निघालो की पुढे वाजे. "कोण आहे?" असं मी ओरडले, तेव्हा ती आमच्या पाठीमागे वाजली.

बाईंनी माझं मनगट धरलं. "खाली बसा, वृंदाबाई. आपण आवाजामागे गेलो तरच हा खेळ चालतो."

ओल्या कातळावर बसलो. घंटा आमच्याभोवती फिरत राहिली, हात लांबवला तर लागेल इतकी जवळून. खुरांचा आवाज मात्र नव्हता. मग सगळं एकदम शांत झालं. धुकं विरलं तेव्हा आमच्या अगदी पायांपुढे चिऱ्यांची जुनी खाण होती, काठोकाठ पाण्याने भरलेली. आसपास ना गुरं, ना माणूस.

वाडीवर पोहोचलो तेव्हा रंजनाचे वडील ओटीवर सड्याकडे तोंड करून बसले होते. आई म्हणाली, "पोरीला त्या वाटंनं कशी धाडू वो, बाई?"

दुसरं कोणी असतं तर अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले असते. बाई म्हणाल्या, "नका धाडू. माझ्याकडे राहू दे."

रंजना बाईंच्या घरी राहून मॅट्रिक झाली. आज ती केळशीला शिक्षिका आहे. ती बाईंकडे राहायला आली त्याच वर्षी दिवाळीत तिचे वडील देवरूखला आले, बाईंच्या दारात उभे राहिले आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले, "पोर जेवते ना नीट?"

सड्यावर काय होतं, हे मी बाईंना एकदा विचारलं. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हीही कुणाला ठाऊक असल्यासारखं सांगू नका."

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. यंदाही दूरच्या वाड्यांतल्या दोघी जणी त्यांच्याकडे राहून शिकताहेत. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या घरात अजून पुष्कळ लेकी मोठ्या व्हायच्या आहेत.