शिलेदाराचे तेल

माझा ड्रायव्हर शिलेदार मोटारीला हँडल मारण्याआधी तिच्या बॉनेटवर थोपटायचा आणि म्हणायचा, "चल, बेटा." दहा हातांतून फिरून माझ्याकडे आलेली, भाड्याने चालणारी जुनी मोटार, तिचे कसले एवढे लाड? पण त्याचे बापजादे घोडदळात होते आणि त्याची स्वतःची उमेदीची वर्षे सरकारी पागेत गेली होती, म्हणून सगळी मांडवी पेठ त्याला शिलेदार म्हणे. पगार घ्यायचा माझा, आणि माझ्याकडे बघायचे ते घोड्यावरून खाली बघितल्यासारखे.

मी डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकत वर आलो, हे त्याला ठाऊक होते. लग्नाच्या वऱ्हाडवाल्यांशी मी भाड्याची घासाघीस करू लागलो की तो तोंड फिरवून विचारी, "शेठ, मोटार विकताय की वांगी?" गिऱ्हाईक हसे आणि माझा भाव तिथेच पडे.

त्याचे खरे वेड तेलाचे. घोड्याच्या साजाला लावायचे काळे तेल एका डबड्यात भरून तो बरोबर बाळगी. सीटचे चामडे, हुडाचे पट्टे, हाताला लागेल ते चोळत बसे. मिस्त्रीला मात्र गाडीखाली जाऊ देत नसे. "पोटाखाली परका माणूस शिरला की जनावर बुजतं," म्हणे.

त्या लग्नसराईत एका बड्या घरचा नवरदेव माझ्या मोटारीतून मिरवणार होता. एवढे एक भाडे नीट पार पडले तर तसली घरे माझी कायमची गिऱ्हाइके होणार होती. आदल्याच दिवशी लहरीपुरा दरवाज्यापाशी शिलेदाराने ब्रेक दाबला तो तळाला गेला, आणि मोटारीने गवताच्या गाडीत तोंड खुपसले. मी उडी मारून उतरलो. शिलेदार शांतपणे म्हणाला, "भूक लागली असेल तिला."

मिस्त्रीने खालून ब्रेकची नळी काढली. ती फुगून लिबलिबीत झाली होती आणि एका जागी फाटली होती. बोटे हुंगून तो गुजरातीत म्हणाला, "शेठ, आ रबर छे, चामडुं नथी. आने तेल कोणे लगाड्युं?" नळी रबराची, चामड्याची नव्हे, आणि तेलाने रबर फुगते. मी शिलेदाराकडे बघितले. तो आकाशाकडे बघत होता.

नवी नळी बसली. आता तिच्यातली हवा काढायची, म्हणजे वर एकाने ब्रेक दाबायचा आणि खाली दुसऱ्याने स्क्रू सैल करायचा. "दबावो," मिस्त्री खालून म्हणाला. शिलेदार हलेना. "जमिनीवर लोळणाऱ्याचा हुकूम आम्ही घेत नाही." शेवटी मीच बसलो आणि पाय भरून येईपर्यंत दाबत राहिलो.

सकाळी फुलांचे हार घेऊन आलो, तर मोटारीखालून दोन पाय बाहेर. शेजारी तेलाचे डबडे.

"शिलेदार, काय करताय?"

"नवं चामडं आधी तेल मागतं, शेठ."

त्याला तिथेच घालवून दिले. नळी कोरड्या फडक्याने पुसली आणि नवरदेवाला मी स्वतः नेले.  जाताना शिलेदार बॉनेटवर थोपटून गेला.

पुढे मोटार विकायला काढली. गिऱ्हाईक आले, सीटच्या चामड्यावरून हात फिरवला, म्हणाले, "जुनी वाटतच नाही." आणि मी सांगितलेला भाव निमूटपणे कबूल केला. मी भावासाठी तासभर भांडायच्या तयारीने आलो होतो. त्या तेलकट माणसाने माझा तोही सौदा नासवला.