काढून टाकलेल्या फिल्टरची मेल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे आमच्या घरातून गेले. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत होते. आता मीच लिहायला बसले आहे... हसा खुशाल.

नागपूरजवळ हिंगण्याला एक आइस्क्रीमचा कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. माझा धाकटा भाऊ प्रशांत तिथेच कूलिंग प्लांटवर शिफ्ट इनचार्ज आहे. थंडाव्यासाठी अमोनिया वायू वापरतात, आणि तो गळला की माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून गॅस मोजणारं यंत्र सर्व्हरला सतत मेल पाठवतं. 'सगळं ठीक'वाल्या मेल बाजूला टाकायच्या, धोक्याची मेल साठवायची आणि इनचार्जच्या मोबाइलवरही पाठवायची, हे काम फिल्टरचं. फिल्टर म्हणजे सर्व्हरवर लिहून ठेवलेले नियम.

ते नियम माझ्याआधीच्या डोंगरे काकांनी लिहिलेले. काका आता रिटायर होऊन नागपुरातच, नंदनवन भागात असतात. लिहायची पद्धत इतकी आखूड की एकेका अक्षरात एकेक हुकूम! नवा सर्व्हर आला तेव्हा मी ठरवलं, हे सगळं मोकळं करून, कुणालाही वाचता येईल असं लिहायचं. काकांना फोनवर चिडवलंही.

"काका, अक्षरं वाचवून काय केलं तुमी? दात कोरून पोट भरते काय?"

"लंबं लिहिलं का वाचणारा झोपते, पोरी," काका हसले. "मोडून राहिली तं मोड. पण समजून मोड वं."

मी नवा फिल्टर लिहिला. चाचणीची मेल फोल्डरमध्ये नीट जाऊन पडली, मी खूश. धोक्याच्या मेलवर काका स्वतःचं वाक्य चिकटवायचे, तेही काढून 'तातडीची सूचना' असं सभ्य शीर्षक घातलं. काकांचे नियम असलेली जुन्या सर्व्हरची डिस्क काढली आणि टेबलावर कागद दाबायला ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी... दुपारची वेळ, मी डबा उघडत होते. बाहेर आरडाओरडा झाला. खिडकीतून पाहिलं तर कूलिंग प्लांटची सगळी पोरं मैदानात, आणि मागे दारातून पांढरा धूर. मी चप्पल न घालताच धावले. प्रशांत धडधाकट उभा होता. मी त्याला घट्ट धरलं.

"ताई, तुही मेल आली म्हणून निघालो वं," तो म्हणाला. "हूटर तं दुरुस्तीले गेला. वासबी नव्हता आला. आमी बाहेर आलो अन् मागं पाइप फुटला."

त्याने मोबाइल पुढे केला. मेलवर लिहिलं होतं – 'पयले बाहेर निघा, मंग विचारा.'

ते काकांचं वाक्य होतं!

नवा फिल्टर तपासला. धोक्याची मेल आली होती, फोल्डरमध्ये पडली होती, आणि तिथेच थांबली होती. मोबाइलवर काहीच गेलेलं नव्हतं. जाणारही नव्हतं! 'प्रतही पुढे पाठव' हे काकांनी एका चिमुकल्या 'सी'मध्ये सांगितलं होतं, आणि माझ्या ऐसपैस फिल्टरमध्ये तेवढंच यायचं राहिलं होतं. चाचणीत मी मोबाइल पाहिलाच नव्हता. म्हणजे माझ्या फिल्टरच्या भरवशावर माझा भाऊ...

जुनी मेल उशिरा पोचली म्हणाल, तर तिच्यात त्या दुपारचाच गॅसचा आकडा होता. आणि प्रशांत इनचार्ज झाला तो जुना सर्व्हर बंद झाल्यावर. काकांच्या फिल्टरला त्याचा पत्ता माहीतच नव्हता!

संध्याकाळी नंदनवनला गेले. "काका, तुमी केलं काय काही?"

"माह्याकडं आता कॉम्प्युटरच नाही, बाई." मग त्यांनी एवढंच विचारलं, "पोट्टा बरा आहे ना?" मला रडू कोसळलं.

फिल्टर मी दुरुस्त केला, मोबाइलवर मेल जाते हे डोळ्यांनी पाहिलं. काकांचं वाक्यही परत घातलं. पण ती मेल कुणी पाठवली? कंपनीने बाहेरचा माणूस बोलावला, त्यालाही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा, मला खरंच ऐकायचं आहे.

डिस्क अजून माझ्या टेबलावर आहे, वायर नाही, काही नाही. प्रशांत रोज ड्यूटीवर जाताना तिला हात लावून जातो. आमच्या घरात असलं कुणी करत नाही, म्हणून मी पाहून न पाहिल्यासारखं करते... परवा त्याची सुट्टी होती, आणि त्याच्या जागी दुसरा इनचार्ज आत जात होता. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि हात लावला.