इजिप्तची सही

शीला राठोडचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं नव्हतं. करारांची नावं आणि सालं तिला माझ्या निम्मीही पाठ नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढे ते हरवून जाईल.

ती आर्णीजवळच्या तांड्यावरून एसटीने यवतमाळला कॉलेजात यायची. तिचे आजोबा रामलाल तांड्याचे नायक. भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची आणि ही लहानपणापासून तिथे कोपऱ्यात बसलेली असायची. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसे. कोणी बोलायला लागलं, की त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी ममता मॅडमनी अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद घेतली. प्रत्येकाने एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, आणि स्वतःला काय वाटतं ते बाजूला ठेवून त्या देशाची भूमिका मांडायची. विषय होता नाईल नदीचं पाणी. अठरा जणांतून एकजण नागपूरच्या राज्यस्तरीय परिषदेला जाणार होता. ती जागा मला दोन वर्षांपासून हवी होती. नियमांची पुस्तिका मी वाचून वाचून मऊ केली होती.

देशांच्या चिठ्ठ्या मीच केल्या. इजिप्त माझ्याकडे आला, तो योगायोगाने नाही. शीलाला मी बुरुंडी दिला. नकाशात करंगळीखाली झाकला जाणारा देश.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "निकिता, तुले माहीत हाये का? नाईलचा पार दक्षिणेकडचा झरा बुरुंडीत हाये. एवढासा. पन हाये."

मला माहीत नव्हतं.

परिषदेच्या दिवशी नयन अध्यक्ष होता. शीलाने देशाची पाटी वर केली, उभी राहिली आणि म्हणाली, "मले असं वाट्टे..."

नयनने हातोडी आपटली. "प्रतिनिधीने 'मी' म्हणायचं नाही. देशाच्या नावाने बोला."

"बरं. बुरुंडीले असं वाट्टे."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, जरा जास्तच. शीलाही हसली आणि म्हणाली, "आमचे आजोबाबी असंच करते. 'मी' नाही म्हनत, 'तांडा म्हनते' म्हनते." त्यानंतर ती एकदाही चुकली नाही.

माझी दोन भाषणं झाली. टाळ्या मिळाल्या. मग मोकळ्या चर्चेची वीस मिनिटं होती. तेवढ्यात ठरावाचा मसुदा लिहून पाच सह्या घ्यायच्या. मसुदा मी घरूनच लिहून आणला होता. सही मात्र कोणी करेना.

"सही केली म्हनजे शब्द देल्ला," सुदान झालेला बादल म्हणाला. "मंग मतदानात नाही कसं म्हनू?"

"अरे, सही म्हणजे पाठिंबा नाही," मी पुस्तिका उघडून दाखवली. "नियम अकरा. मसुदा फक्त चर्चेला यावा म्हणून सही. मत नंतर कसंही दे."

"पुस्तकात असंन. आमच्याकडे सही म्हनजे सही."

केनिया झालेली वैष्णवी तर हात मागे घेऊन बसली. "कायले फसवतं वो, इजिप्त?"

शीलाकडे मसुदाच नव्हता. ती एकेका बाकाशी जाऊन बसत होती आणि प्रत्येकाला एकच विचारत होती, "तुमचं काय अडलं?" वहीत दोन ओळी लिहायची आणि उठायची. शेवटच्या पाच मिनिटांत तिने त्या ओळी जोडून मसुदा केला. बादलने सही केली. वैष्णवीनेही केली. चार झाल्या. बाकीचे म्हणाले, मताचं बघू, सही नको.

मग ती माझ्यापाशी आली.

"पाचवी पाहिजे."

नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, का ते. मी पेन घेतलं आणि सुंदर अक्षरात सही केली. शीलाने सहीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

मसुदा चर्चेला आला. मंजुरीला दोन तृतीयांश, म्हणजे बारा मतं लागत होती. हात वर झाले. अकरा.

"विरोधात?" नयनने विचारलं.

मी पाटी उचलली. इजिप्त. वर्गात कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. बादल माझ्याकडे वळून बघत राहिला.

"नियम अकरा," मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

ठराव पडला. निवड करताना ममता मॅडम बराच वेळ कागदांवर पेन फिरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नियमांची जाण निकिताची. नागपूरला निकिता जाईल." टाळ्या वाजल्या, पण सकाळसारख्या नाही.

बसस्टँडवर शीलाने मला तिची वही दिली. "नागपूरले कामी येईन तुले."

"राग नाही आला?"

"नियमातच होतं ना ते." आर्णीची बस लागली आणि ती चढली.

वही मी घरी उघडली. प्रत्येक देशासमोर त्याचं काय अडलं ते लिहिलं होतं. सुदान: धरणाचं भ्या. केनिया: आपल्याले कोणी विचारत नाही. इजिप्तसमोर लिहिलं होतं: इले जिंकाचं हाये. मत देनार नाही. सही तं घ्या लागते, नाहीतं बाकीच्यांचं म्हननं बाहेर येतच नाही.

तिला माहीत होतं. तरी तिने सही घेतली होती.

नागपूरला मोठं सभागृह होतं, एसी होता, मुलं कोट घालून आली होती. मोकळी चर्चा सुरू झाली तेव्हा माझा मसुदा पिशवीतच राहिला. मी एका अनोळखी मुलीच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तुमचं काय अडलं?" तिने खांदे सैल सोडले आणि बोलायला लागली. मी तिच्या हातांकडे बघत होते.

त्या दिवशी मला अकरा सह्या मिळाल्या, आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. परीक्षकांनी विचारलं, "ही पद्धत कुठे शिकलीस?"

"पुस्तिकेत," मी म्हणाले.

शीलाची वही अजून माझ्याकडे आहे. तिने कधी मागितली नाही.